गिरवणे आणि गिरगटणे

'डूडल' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, असे आमच्या महाविद्यालयातल्या एका बैठकीत ठामपणे सांगितले गेले आणि तो घडवून देण्याचे काम मराठी विभागाकडे, म्हणजे आम्हा दोघांकडे आले. निमित्त होते दोन श्रेयांकांच्या एका नव्या अभ्यासक्रमाचे. विद्यार्थ्यांनी रेखाटनवहीत मनाला येतील तशा ओघवत्या आकृती काढाव्यात आणि त्यातून त्यांचा ताण हलका व्हावा, अशी त्यामागची कल्पना. आम्ही 'मुक्तरेखन', 'स्वैररेखा', 'मनोरेखन' अशी परिभाषाकोशाच्या थाटाची तीन-चार नावे लिहून दिली. त्यांतले पहिले मंजूर झाले. शब्द मुळात होताच, हे आमच्या ध्यानात आले ते बैठक संपवून जिना उतरताना. 'गिरगटणे'. लहान मुलाने भिंतीवर, वर्तमानपत्रावर, बापाच्या कार्यालयीन कागदांवर जे करून ठेवलेले असते त्याला घरोघरी हाच शब्द वापरतात. मात्र तो रागावताना वापरायचा शब्द आहे. अभ्यासक्रमाच्या माथ्यावर तो चालला नसता.

या शब्दाशेजारी 'गिरवणे' हे क्रियापद ठेवून पाहावे. व्युत्पत्तीच्या वाटेला आम्ही जात नाही, व्यवहारातला फरकच पुरेसा बोलका आहे. गिरवणे म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधी काढून ठेवलेल्या अक्षरावरून पुन्हा पुन्हा हात फिरवणे. पाटीवरचा 'श्री' आपण सगळ्यांनी असाच गिरवला. हात वळवून देणारे वडीलधारे माणूस मागे बसलेले असे आणि रेघ बाहेर गेली की चापटी बसत असे. गिरगटणे म्हणजे तोच हात, तीच पेन्सिल. फक्त खाली आधी काढलेले अक्षर नाही आणि मागे कोणी बसलेले नाही. गिरवण्यातून आपण साक्षर होतो. त्याचे मोल आम्ही भाषेचे शिक्षक कमी कसे करू? पण गिरगटण्याला उचलून पुन्हा गिरवण्याच्या पाटावर बसवण्याचा उद्योग सध्या जोरात चालू आहे. त्याविषयी आमची तक्रार आहे, आणि त्या उद्योगाला आम्हीही पगारी हातभार लावला असल्यामुळे ती जाहीरपणे मांडणे आम्हाला भाग आहे.

हा अभ्यासक्रम मराठी विभागाच्याच गळ्यात का पडला, असा प्रश्न वाचकांना पडेल. मराठीच्या वर्गातली संख्या घटली की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की पद धोक्यात येते, आणि पद टिकवायचे तर रिकाम्या तासांत जे वाढले जाईल ते मुकाट्याने खावे लागते. असो.

तसे आम्ही दोघेही जुने गिरगटणारे. सोळा वर्षे एकाच विभागात शेजारी बसूनही याविषयी आम्ही एकमेकांशी कधी अवाक्षर काढले नव्हते. आमच्यापैकी एकीच्या कागदावर वेल उगवते. तिला पाने फुटतात, पानांना शिरा, शिरांना पुन्हा पाने. दुसऱ्याच्या कागदावर चौकटीत चौकट, तिच्या आत तिरकी चौकट असे करत शेवटी शाईचा एक काळा ठिपका उरतो. सुरुवात बहुधा एखाद्या अक्षरापासूनच होते. देवनागरी ही गिरगटणाऱ्याला फार अनुकूल लिपी आहे. 'ळ' तर खास त्याच्याकरताच घडवल्यासारखा. दोन गाठी आयत्या असतात, तिसरी मारायला हात शिवशिवतो. वेलांटी उचलून शिरोरेघेवरून पलीकडे न्यावी, तिचे शेपूट पुढच्या शब्दाच्या मात्रेत अडकवावे. 'ठ'च्या पोटात आणखी एक 'ठ' आणि त्याच्या पोटात टिंब. शिरोरेघ लांबवत नेली की अक्षरे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबू लागतात. ठराव क्रमांक ८ असेल तर प्रश्नच मिटला, आठाच्या आकड्याची साखळी कागदाच्या कडेपर्यंत विनासायास जाते. आणि मग कुठल्यातरी क्षणी अक्षर संपते. पहिल्या रेघेला काही हेतू असतो. पाचव्या रेघेला फक्त चौथी रेघ ठाऊक असते. थांबायचे कुठे हे आकृतीवरून ठरत नाही, बैठक संपली म्हणून थांबायचे. नंतर तो कागद घडी होऊन पर्समध्ये किंवा खिशात जातो आणि पुढे कुठेतरी हरवतो. तो हरवला म्हणून आम्ही कधी हळहळलो नाही. इतके काही निर्माण करून त्याविषयी इतके निर्मोही राहण्याची संधी आमच्या व्यवसायात अन्यत्र मिळत नाही.

शिक्षक म्हणून मात्र आम्ही नेमके उलटे वागत आलो. वर्गात कोणाचा हात समासात फिरताना दिसला की 'लक्ष कुठे आहे?' हा प्रश्न ठरलेला. आमचे स्वतःचे लक्ष बैठकीत शाबूत असते, विद्यार्थ्याचे मात्र उडालेले असते, असा हा न्याय.

आता याला शास्त्राधार आहे असे सांगण्याची पद्धत पडली आहे, आणि आमच्या अभ्यासक्रमाच्या प्रस्तावातही तो होता. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यात दिला होता. ४० जणांना दूरध्वनीवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला, त्यांतल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावर पेन्सिल चालवायला दिली, आणि नंतर त्यांना नकळत परीक्षा घेतली. पेन्सिल चालवणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक तपशील आठवले. निष्कर्ष रंजक आहे, शिक्षकांनी तो भिंतीवर लावावा इतका. पण मूळ प्रयोगात त्या मंडळींनी केले काय, तर आधीच छापून दिलेले चौकोन आणि वर्तुळे पेन्सिलने भरली. म्हणजे आमच्या भाषेत ते गिरवणेच झाले. शिवाय मोजली गेली ती स्मृती. मनाच्या स्वास्थ्याचा तिथे संबंध नव्हता. त्याहून आमच्या विषयाच्या जवळ जाणारा अभ्यास अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातील गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१६ सालचा. ३९ प्रौढांना ४५ मिनिटे चिकणमाती, मार्कर किंवा चिकटचित्राचे साहित्य देऊन हवे ते करू दिले, आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण तपासले. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत ते उतरलेले आढळले. कलेचा पूर्वानुभव असल्या-नसल्याने फरक पडला नाही. हा अभ्यासही प्रस्तावात होता. त्या पंचेचाळीस मिनिटांनंतर कोणी कोणाला गुण दिले नव्हते, एवढी एक गोष्ट मात्र प्रस्ताव लिहिताना सुटली.

गुणांकडे येण्यापूर्वी बाजाराकडे पाहायला हवे, कारण अभ्यासक्रमाचा आराखडा तिथूनच आला. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या जोडीने या शतकाच्या पहिल्या दशकात 'झेनटँगल' नावाची पद्धत रूढ केली. साडेतीन इंचांचा चौरस कागद घ्यायचा, कोपऱ्यांत ठिपके द्यायचे, ते जोडून चौकट करायची, आत एक सैल 'दोरा' ओढून तिचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात एकेक नक्षी भरत जायचे. प्रत्येक नक्षीला नाव आहे, पायऱ्या आहेत. खोडरबर वापरायचे नाही. नावाला नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे आणि शिकवायला प्रमाणित प्रशिक्षक आहेत. पुढे २०१३ साली जोहाना बॅसफर्ड यांचे 'सीक्रेट गार्डन' आले आणि प्रौढांनी रंगवायच्या पुस्तकांची लाट उसळली. आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांतही 'मंडला'च्या वह्यांची चळत त्यानंतरच दिसू लागली. गंमत अशी की ज्याच्या नावाने ही वर्तुळे खपतात त्या कार्ल युंगने १९१८ च्या सुमारास रोज सकाळी वहीत एक छोटे वर्तुळाकार चित्र काढले, ते त्या दिवशीच्या आपल्या मनाची अवस्था पाहण्याकरता. त्याच्या वर्तुळात आदल्या रात्री काय घडले ते उतरत असे. आमच्या वर्तुळात काय उतरणार ते छापखान्याने आधीच ठरवलेले असते.

या पद्धती वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. ठिपके जोडून नक्षी साधण्यातले सुख आपल्या बायकांना कोणी बाहेरून येऊन शिकवावे लागलेले नाही. आमच्यापैकी एकीच्या आईची रांगोळीची वही अजून घरात आहे. १५ ते ८, ११ ते ६ असे ठिपक्यांचे हिशेब, निळ्या शाईतल्या कमळांच्या जाळ्या, कोपऱ्यात जिच्याकडून उतरवून घेतली त्या शेजारणीचे नाव. ती कला आहे, तिला शिस्त आहे, आणि सकाळी अंगणात ती चारचौघांनी पाहावी अशी अपेक्षाही आहे. पण त्याच आईचा हात टेलिफोनशेजारच्या डायरीवर निराळा चालत असे. ट्रंक कॉल लागायची वाट पाहताना, किंवा नणंदेचे लांबलेले बोलणे 'हो, हो' म्हणत ऐकताना, ती डायरीच्या पुठ्ठ्यावर काहीबाही काढी. त्याला ठिपके नव्हते, समतोल नव्हता, शेजारणीचे नाव नव्हते. रांगोळीची वही जपली गेली आणि टेलिफोनची डायरी रद्दीत गेली. जे होते ते बरोबरच झाले असे आम्हाला वाटते. तिला ती डायरी कोणी 'छान काढलेस गं' म्हणून दाखवली असती तर तिने पुढच्या वेळी पेन उचलले नसते.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना या संदर्भात हटकून सांगितले जाणारे उदाहरण रवींद्रनाथांचे. हस्तलिखितात शब्द खोडायचे आणि खोडलेल्या जागा एकमेकींना जोडत पक्षी, श्वापदे, मुखवटे तयार करायचे, ही त्यांची सवय. १९२४ साली अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात असताना 'पूरबी'च्या कवितांच्या वहीत ती फोफावली. वय त्रेसष्ट. ओकाम्पो यांनी ती वही पाहिली. १९३० च्या मे महिन्यात पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले त्यात ओकाम्पो यांचा पुढाकार होता, आणि अखेरीस दोन हजारांहून अधिक चित्रे मागे राहिली. वर्गात हे उदाहरण आम्हीही दिले. देताना लक्षात आले की आपण पुन्हा 'बघा, यातून पुढे काय झाले' अशाच सुरात बोलतो आहोत. गिरगटण्याचे समर्थन चित्रकार होण्याने करायचे, तर ते समर्थन कॉर्टिसॉलच्या समर्थनापेक्षा फार वेगळे नाही. त्यापेक्षा दोस्तोयेव्हस्कीचे उदाहरण आम्हाला जवळचे वाटते. त्याच्या कादंबऱ्यांच्या टाचणवह्यांत मजकुराच्या मधोमध चेहरे आहेत, गॉथिक खिडक्या आणि कमानी आहेत, एकेक नाव वळणदार अक्षरांत पुन्हा पुन्हा लिहिलेले आहे. त्यातून प्रदर्शन निघाले नाही. कमानी कमानीच राहिल्या आणि शेजारी कादंबरी चालू राहिली. रवींद्रनाथांच्या बाबतीतही आम्हाला मोलाचा वाटतो तो आधीचा काळ, खोडलेल्या ओळीकडे दुसऱ्या कोणी पाहणार नाही अशी खात्री असण्याचा.

आणि ओघवत्या रेघांनी मन शांतच होते, हे तरी कोणी ठरवले? मॅरियन मिल्नर या ब्रिटिश मनोविश्लेषक बाईंनी १९५० साली 'ऑन नॉट बीइंग एबल टू पेंट' हे पुस्तक लिहिले. पहिल्यांदा ते जोआना फील्ड या टोपणनावाने आले. निसर्गदृश्य काढायला बसले की चित्र निर्जीव होते, आणि हात मोकळा सोडला की कागदावर भलतेच काही उमटते, असा त्यांचा अनुभव. त्या भलत्यात भीती होती, संताप होता, जे स्वतःविषयी माहीत नव्हते आणि माहीत करून घ्यायचेही नव्हते ते होते. आपल्या त्या मोकळ्या रेखाटनांकडे त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने पाहिले. 'विश्रांती' हा शब्द त्या पुस्तकाला लावणे अवघड आहे. ओघ म्हटला की त्यात गाळही येणारच. अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत 'सकारात्मकता वाढीस लागणे' असे जे वाक्य होते, ते लिहिणाऱ्याने ओघ फक्त बाटलीबंद पाण्याचाच पाहिला असावा.

सत्राच्या शेवटी ३२ रेखाटनवह्या आमच्या टेबलावर आल्या. प्रत्येकीत किमान तीस पाने, प्रत्येक पानावर दिनांक, खाली 'आजची मनःस्थिती' या मथळ्याखाली दोन ओळी. मूल्यमापनाचा तक्ता वरून आलेला होता: सातत्य, नीटनेटकेपणा, सर्जनशीलता, आत्मपरीक्षण, एकूण गुण ५०. वह्या सुरेख होत्या. कंपासने काढलेली वर्तुळे, मोबाइलवरून उतरवलेल्या पाकळ्या, काळ्या जेल पेनने बारीक भरलेल्या जाळ्या. एकाच नक्षीची पाने सात वह्यांत सापडली. मनःस्थितीच्या जागी 'आज खूप रिलॅक्स वाटले' हे वाक्य इतक्यांदा आले की मराठी गद्याचा अभ्यासक म्हणून आम्हाला त्यात एक नवा मंगलाचरणाचा प्रकार दिसू लागला. गुण देणे सोपे गेले. गुण देता येतील अशाच त्या वह्या होत्या. ज्यांच्या मनावर खरोखर ओझे होते त्यांनी ते घरी ठेवून आमच्याकडे नक्षी आणली होती, आणि त्यांचे काही चुकले नाही.

त्यांतल्या एका मुलाला आम्ही ४६ गुण दिले. तीस मंडले, एकही रेघ बाहेर नाही. योगायोगाने त्याच आठवड्यात त्याची मराठीची वही अंतर्गत मूल्यमापनासाठी आली. मागची पाने आम्ही सहसा उघडत नाही, या वेळी उघडली. वहीच्या मागच्या पानाला आपल्या शिक्षणव्यवस्थेत स्वतंत्र स्थान आहे. फुल्या-गोळे, फोन नंबर, कोणाचे तरी आद्याक्षर. पुढून अभ्यास चालत येतो, मागून दुसरेच काही, आणि वर्षाखेर दोघांची मध्यावर गाठ पडते. या मुलाच्या मागच्या चार पानांवर एकच गोल होता. तो इतक्यांदा गिरगटलेला की कागद फाटून रेघ पुढच्या पानावर उतरली होती, आणि तिथून पुन्हा तोच गोल. आमच्यापैकी एकीने त्याला एकट्याला थांबवून हे काय आहे असे विचारले. काळजीनेच विचारले. तो ओशाळला. म्हणाला, "मॅडम, ती ड्रॉइंगची वही मार्कांची आहे. ही नाही." बाकी सगळे ठीक आहे का, या प्रश्नाला 'हो' असे उत्तर आले. ते खरे असेलही.

पुढच्या खेपेला वही आली तेव्हा मागची चार पाने फाडलेली होती. शिवणीला कागदाची दातेरी कड तेवढी राहिली होती.

यावर आमचे काही सहकारी म्हणतात की पाहिले हे चांगलेच झाले, एखादे मूल खरोखर अडचणीत असेल तर कळायला नको का? हा आक्षेप आम्ही हलक्याने घेत नाही. मुलांची विचारपूस करणारा माणूस महाविद्यालयात हवा, समुपदेशकाची जागा भरायला हवी, वर्गात मुलाचा चेहरा वाचण्याइतकी संख्या आणि वेळ हवा. हे सगळे नाही म्हणून रेखाटनवही तपासायची, हा मार्ग आम्हाला मान्य नाही. त्या मुलाला बोलायचे असते तर शब्द त्याच्यापाशी होते; तो आमचाच, मराठीचा विद्यार्थी आहे. त्याने शब्द बाजूला ठेवून गोल काढला होता. आम्ही त्या गोलाचा शब्द मागितला. साहित्य शिकवणाऱ्यांची ही खोड जुनीच आहे, प्रत्येक गोष्टीचा आशय विचारण्याची.

दुसरा आक्षेप असा की थकूनभागून आलेल्या मुलीला तयार नक्षी रंगवून बरे वाटत असेल तर तुमचे काय जाते? काहीच जात नाही. तिने अवश्य रंगवावी. आमचे म्हणणे आहे ते त्या नक्षीखालच्या दिनांकाविषयी, दोन ओळींच्या मनःस्थितीविषयी आणि चार रकान्यांच्या तक्त्याविषयी.

यंदा अभ्यासक्रम पुन्हा आमच्याकडेच आहे. वह्या जमा करून घेऊ नयेत, तासाला कागद वाटावेत आणि तास संपला की ज्याचा त्याने घेऊन जावा किंवा फाडून टाकावा, असे आम्ही लेखी सुचवले आहे. मूल्यमापनाच्या पुराव्याविना श्रेयांक देता येणार नाहीत, असे उत्तर आले. मग हजेरीवर सरसकट सारखे गुण द्यावेत, असे आम्ही पुन्हा लिहिले. त्यावर, सगळ्यांना सारखे गुण दिल्यास परीक्षा विभाग शंका घेईल, असे तोंडी कळवण्यात आले आहे. तिसरे पत्र आम्ही या आठवड्यात देत आहोत. त्याचा कच्चा मसुदा लिहिताना समासात वेलीने बरीच जागा घेतली, तेव्हा पत्र दुसऱ्या कागदावर उतरवून काढावे लागेल.